मिरगाचा मासा

ज्या उन्हाळ्यात मी नोकरीला लागले, त्या एका उन्हाळ्यात जगातले बहुतेक सगळे रोग मला होऊन गेले. दोनदा हृदयविकार झाला, एकदा मूतखडा झाला, एकदा मेंदूत गाठ निघाली. गुडघे तर इतक्या वेळा निकामी झाले की खुर्चीतून उठून उभी राहिले की मलाच नवल वाटायचं. एका आठवड्यात माझी प्रोस्टेट ग्रंथी वाढली होती. ती बाईमाणसाला नसतेच, हे मला बी.एस्सी.ला शिकवलेलं होतं आणि त्यावर मार्कही मिळाले होते. पण भीती काही डिग्री बघून येत नाही. आज मी हे सांगायला लागले की ऐकणारे पोट धरून हसतात, आणि मीही दरवेळी एखादा नवा रोग त्यात घालते, कारण हसणाऱ्यांना निराश करणं माझ्या स्वभावात नाही. त्या उन्हाळ्यात मात्र मला हसू येत नव्हतं. जेवणाची सुट्टी संपून थोडा वेळ गेला की मी आता मरणार अशी माझी खात्री व्हायची आणि मी मरत मरत टाइप करत राहायचे, कारण नोकरी कच्ची होती.

नोकरी कसली, ते सांगते. अमेरिकेतले डॉक्टर पेशंट तपासून झाला की काय दिसलं, काय वाटलं, काय दिलं, ते सगळं एका यंत्रात बोलून ठेवायचे. ते तिकडे झोपायला गेले की त्यांचे आवाज इकडे हैद्राबादेत हिमायतनगरला यायचे, साड्यांच्या एका शोरूमच्या वरच्या मजल्यावर. तिथं आम्ही वीस-पंचवीस पोरंपोरी कानाला हेडफोन लावून त्यांचं बोलणं टाइप करायचो. पायाखाली एक पट्टी असायची, शिलाई मशीनला असते तशी. दाबली की डॉक्टर बोलणार, पाय उचलला की गप्प होणार, टाचेनं रेटली की बिचारा मागं जाऊन तेच पुन्हा बोलणार. एक डॉक्टर सँडविच खात बोलायचा आणि त्याच्या तोंडात हृदयाच्या झडपा आणि कांदा एकत्र चावले जायचे. एक गाडी चालवत बोलायचा. पेशंटच्या आतड्यात शिरता शिरता मधेच पुढच्या गाडीवाल्याला शिवी हाणायचा, आणि ती शिवी अहवालात घालायची की नाही यावर आमच्यात एकदा अर्धा तास वाद झाला होता. पायाला त्या पट्टीची इतकी सवय लागली की घरी आईनं बोलायला सुरुवात केली की माझा पाय आपोआप फरशीवर वर-खाली व्हायचा. आईवर कसल्याच पट्टीचा परिणाम नव्हता.

आमची आई हळू बोलते असा आरोप तिच्यावर आजवर कुणी केलेला नाही. आम्ही बरकतपुऱ्यात एका गल्लीत भाड्यानं राहायचो. तिथून ती मला ‘संगे’ म्हणून हाक मारायची, तेव्हा काचीगुड्याच्या स्टेशनात उभी असलेली गाडी शिटी समजून हलायची. आमचे लोक मूळचे उदगीरकडचे, शेतीवाले. पणजोबा निजामाच्या राज्यात हैद्राबादला आले ते बैलांच्या कासऱ्यांचं गाठोडं घेऊन, आणि काचीगुड्याच्या चौरस्त्यावर दुकान टाकून बसले. त्यामुळे आमच्या स्वयंपाकघरात अंबाडीची भाजी दोन जातींची व्हायची: एक ज्वारीच्या कण्या घालून उदगीरची, एक लाल मिरच्यांत परतून तेलंगी. आणि आमचं मराठी असं की पुण्याच्या एका पाहुण्यानं तासभर आमच्या गप्पा ऐकून, जाताना दारात चप्पल घालता घालता विचारलं, ‘‘तुम्हाला मराठी समजतं का हो थोडंफार?’’ आप्पा म्हणाले, ‘‘हौ, समजतंय. तुमचंच जरा अवघड जायलंय.’’

आप्पा म्हणजे माझे वडील. अंगानं दांडगे, मिशा भरघोस आणि आवाज आईच्या खालोखाल. दुकानात काथ्याचे आणि अंबाडीचे दोर, कासरे, मोरख्या, ताडपत्र्या. मी लहान होते तेव्हा दुकानासमोर बैलगाड्या लागायच्या आणि आप्पा दोर हातावर ताणून गिऱ्हाइकाला म्हणायचे, ‘‘ह्याला हत्ती बांधा. हत्ती तुटंल, दोर तुटायचा नाही.’’ त्या दिवसांत पेपरात रोज यायचं की देशाची दारं उघडली. त्या उघड्या दारातून मला ही नोकरी आली, आणि आप्पांना तर वाटलं की ती त्यांनीच ओढून आणली. ते रोज सकाळी मला बंडीवर, म्हणजे स्कूटरवर, मागं बसवून हिमायतनगरला सोडायचे आणि वाटेत ओळखीचा माणूस दिसला की बंडी थांबवायचे. ‘‘पोरगी. अमेरिकेच्या डॉक्टरांचं काम बघती.’’ बरकतपुऱ्यातून निघालेली ही बातमी काचीगुड्याला पोचेपर्यंत मी स्वतः डॉक्टर झाले होते, आणि संध्याकाळी परत येईपर्यंत सर्जन. शेजारच्या रझिया खाला तर गुडघ्यापर्यंत सलवार वर करून दारात उभ्याच असायच्या. ‘‘बेटी, ये घुटने का जरा पूछ ना तेरे अमेरिकावाले कू.’’ ‘‘खाला, तो मला ऐकूच शकत नाही.’’ ‘‘हौ, इत्ता बडा डॉक्टर और सुनताच नै?’’

अशा घरात, अशा आप्पांना कसं सांगायचं की आप्पा, खुर्चीत बसलं की मला वाटतं मी मरणार? नोकरी सहा महिने कच्ची होती. चुका जास्त झाल्या तर घरी, आणि घरी म्हणजे थेट बोहल्यावर, कारण जालन्याचं एक स्थळ आईनं लोणच्यासारखं मुरत ठेवलं होतं. बरं, आजारी आहे असं बाहेर गेलं तर ते स्थळही गेलं आणि नोकरीही गेली. म्हणजे मरायचीसुद्धा सोय नव्हती. ऑफिसात बघावं तर बाकीचे ठणठणीत. निदान दिसायचे तरी. पुढं कितीतरी वर्षांनी एका लग्नात सगळे भेटलो तेव्हा कळलं की माझ्या शेजारी बसणाऱ्या श्रीदेवीला त्याच उन्हाळ्यात किडनीच्या कळा यायच्या, ती कोपऱ्यात जाऊन कंबर दाबायची. आणि आमचा सुपरवायझर, सहा फुटी माणूस, बायकांच्या डॉक्टरांच्या फायली तपासून तपासून पहाटे पहाटे त्याला मळमळायचं. पण तेव्हा एकही जण बोलला नाही. डबा खाताना आम्ही पगाराबद्दल, अमेरिकेबद्दल, कुणाला व्हिसा मिळाला याबद्दल बोलायचो. जो तो आपला रोग मांडीवर झाकून बसलेला.

माझा श्वास अडकला त्याला कारण एक फाइल झाली. डॉक्टरीणबाई होत्या, आवाज शांत, सगळे शब्द स्वच्छ. मला वाटलं, चला, आज सुटका. पेशंट मुलगी निघाली, माझ्याच वयाची, नुकतीच कुठंतरी नोकरीला लागलेली. तक्रार अशी की श्वास पुरता आत जात नाही, अर्ध्या वाटेत थांबतो. हाताला मुंग्या येतात. काहीतरी भयंकर होणार असं वाटत राहतं. बाईंनी तिचं हृदय तपासलं, चांगलं. फुप्फुसं स्वच्छ. रक्त ठीक. मी टाइप करत होते आणि मनात म्हणत होते, आता सांगतील, आता सांगतील. शेवटी बाई म्हणाल्या की तपासणीत काही सापडलं नाही, मुलीला पुन्हा बोलावलं आहे. आणि संपलं. मी टाचेनं टेप मागं नेली, पुन्हा ऐकलं. काही सापडलं नाही. आम्हाला पेशंटचं पुढं काय झालं ते कधीच कळायचं नाही, त्याचं एरवी मला काही वाटायचं नाही. हजार माणसं माझ्या कानातून गेली, बरी झाली की वारली, देव जाणे. पण ही मुलगी काही केल्या कानातून जाईना. पुढच्या भेटीची फाइल येईल म्हणून मी रोज वाट बघायचे. श्रीदेवीच्या खांद्यावरून तिच्या पडद्यावर डोकवायचे, तिच्याकडे तर आली नाही ना म्हणून. ती मुलगी परत आलीच नाही. न येण्याची कारणं मी घरी जाताना बंडीवर बसून मोजायचे आणि त्यातलं एकच मला खरं वाटायचं.

मग एके दुपारी मी श्वास घेतला आणि तो अर्ध्या वाटेत थांबला. अगदी तिनं सांगितलं होतं तिथंच. मी पुन्हा घेतला, पुन्हा तिथंच. आजवर बावीस वर्षं जे काम शरीर आपलं आपण, मला न विचारता करत आलं होतं, ते त्यानं त्या दुपारी माझ्यावर सोपवलं, आणि मला ते येत नव्हतं. आपण श्वास घेतोय की नाही याकडे लक्ष ठेवायचं, वर डॉक्टरचं ऐकायचं, वर बोटं चालवायची. लक्ष जरा हललं की छातीत धपकन काहीतरी पडायचं. बोटं गार. कानात हेडफोनमध्ये कुणाची तरी फुप्फुसं आणि हेडफोनच्या आत माझं हृदय, दोन्ही एकदम बोलायची. मला एक युक्ती सापडली: जांभई दिली की श्वास शेवटपर्यंत जायचा. मग मी जांभया द्यायला लागले. इतक्या की माझं बघून सगळी रांग जांभया द्यायची, आणि सुपरवायझरनं एसी बिघडला म्हणून मेकॅनिक बोलावला.

माझी भाची आता गच्चीबावलीच्या काचेच्या इमारतीत काम करते. त्यांच्याकडे मन मोकळं करायला वेगळी खोली आहे, मऊ खुर्च्या आहेत, आणि मोबाइलवर एक बाई सांगते, आता श्वास आत घ्या, आता सोडा. ‘‘मावशी, तुमच्या वेळी असं काही होतं का?’’ असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, होतं की. आमच्या वेळी मासा होता.

तो असा. मी घरीही जांभया आणि सुस्कारे टाकायला लागले होते. आई भाकरी थापता थापता म्हणाली, ‘‘काय गं, म्हशीवाणी फुसफुस करायलीस? झोप नाही का?’’ तेवढ्यात खाला गुडघा घेऊन आल्याच होत्या. त्यांनी मला पाठमोरी बसवलं, पाठीला कान लावला, डोळे मिटले आणि अमेरिकेतल्या डॉक्टरीणबाईंना जे सापडलं नव्हतं ते एका मिनिटात शोधून काढलं. ‘‘दमा है.’’ आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. ‘‘मेरे मामू कू ऐसाइच था,’’ खाला म्हणाल्या, ‘‘कायकू डरते? मिरग आ रा ना. मच्छी खिलाओ. ऐसा जाता दमा, पीछे मुडके देखता नै.’’ दमा हा शब्द ऐकून मला एक क्षणभर, खरं सांगते, इतकं बरं वाटलं की रडू आलं. रोगाला नाव होतं. पण दुसऱ्याच क्षणी मी मनातल्या मनात दम्याच्या सगळ्या फायली उघडल्या आणि माझं त्यातल्या एकीशीही जमेना. माझ्या छातीत शिट्टी वाजत नव्हती, खोकला नव्हता. म्हणजे दमा नाही. म्हणजे त्याहून वाईट काहीतरी, जे सापडत नाही. हे कुणाला सांगणार? आई देवापुढं उभी होती आणि जालन्याला कळू देऊ नको म्हणून देवाला मोठ्यानं बजावत होती. तिनं बजावलेलं देवाआधी सगळ्या बरकतपुऱ्यानं ऐकलं.

मिरग म्हणजे मृग नक्षत्र, आमच्या उदगीरच्या लोकांना पेरणी. हैद्राबादेत मिरगाला दम्याचं औषध देतात: बोटाएवढा जिवंत मरळ मासा, त्याच्या तोंडात पिवळं औषध भरायचं आणि तो मासा आख्खा पेशंटच्या घशात सोडायचा. चावायचा नाही. तो जातानाच वळवळत आतली वाट साफ करत जातो, असं म्हणतात. सगळ्या देशातून लोक येतात. औषधाबद्दल मी वाईट बोलणार नाही. ज्यांना गुण आला ते त्याची शपथ घेतात, आणि ज्यांना नाही आला ते पुढच्या मिरगाला परत येतात. आप्पांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. आजोबा गेले तेव्हासुद्धा त्यांनी अर्धं शटर उघडं ठेवलं होतं. मी विचारलं, ‘‘दुकान?’’ तर म्हणाले, ‘‘राहू दे एक दिवस. काय पळून जायलंय?’’ ते नेहमीच्या आवाजात बोलले नाहीत, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. पण मी माझा श्वास मोजण्यात गुंतले होते.

नुमाइशच्या, म्हणजे प्रदर्शनाच्या, मैदानात बल्ल्या बांधून रांगा केल्या होत्या. मी तुम्हाला त्या रांगेची लांबी सांगत नाही, कारण तुम्ही विश्वास ठेवणार नाही. एवढंच सांगते की आमच्या पुढचा बिहारी माणूस रांगेच्या शेपटाला उभा राहिला तेव्हा म्हणे त्याच्या मुलाला मिशा नव्हत्या. सगळीकडून खोकल्याचे आवाज. खरा खोकला, खरी घरघर. म्हातारे खांद्यावरून आणलेले, बाळं आयांच्या कडेवर निळी पडलेली. त्या सगळ्यांत मी, फुप्फुसं स्वच्छ, हातात प्लास्टिकची पाण्याची पिशवी आणि पिशवीत आमचा मासा. उपाशीपोटी उभं राहायचं असतं. ऊन डोक्यावर आलं. मी माशाकडे बघत होते. तो तोंड उघडायचा, मिटायचा, उघडायचा. कधीतरी माझ्या लक्षात आलं की मीही तसंच करतेय, आणि मग तोंड मिटलं पण हवा आत आली नाही. पिशवी आप्पांच्या हातात कोंबली आणि बल्लीला हात घातला. हात माझा वाटेना. आजूबाजूच्या बायका ओरडल्या, ‘‘अरे बच्ची कू देखो! आगे जाने दो!’’ आणि आमची रांग, जी सकाळपासून मुंगीच्या पायानं सरकत होती, ती एकदम फाटली. लोकांनी मला आणि आप्पांना खांद्याखांद्यावरून पुढं ढकलायला सुरुवात केली. एरवी कुणाच्या बापाला जागा न देणारे लोक! समोर पिवळ्या हातांचे लोक दिसायला लागले. मला कळलं की आता हा मासा माझ्या घशात जाणार, आणि माझ्या घशातून तर हवासुद्धा जात नव्हती.

मी आप्पांची बाही धरली. ‘‘आप्पा, मला दमा नाही.’’

‘‘आता आलाय नंबर. घाबरू नको.’’

‘‘दमा नाही हो! मला माहीत आहे दमा कसा असतो. मी रोज टाइप करते.’’

‘‘मग काय हाय?’’

‘‘भीती वाटते.’’

‘‘माशाची?’’

‘‘कशाचीच नाही. नुसती वाटते. खुर्चीत बसले की श्वास अडकतो आणि वाटतं आता मरणार. आणि चुका होतील. आणि काढून टाकतील. आणि तुम्ही सगळ्या काचीगुड्याला सांगून बसलाय.’’ हे मी इतक्या मोठ्यानं बोलले की मी आईची मुलगी आहे याबद्दल त्या मैदानात कुणाला शंका उरली नसेल. मागून कुणीतरी ‘‘चलो चलो’’ करत होतं. मला वाटलं आप्पा आता चिडणार, नाहीतर हसणार. ते पिशवीतल्या माशाकडे बघत राहिले.

‘‘दुपारी जास्त होतंय का?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘जेवल्यावर. हात गार पडत्यात.’’

‘‘हो.’’

‘‘आन् वाटतंय, उठावं आन् पळत सुटावं. पर कुठं जावं ते कळंना.’’

मी त्यांच्याकडे बघितलं. मिशांखाली त्यांचे ओठ कोरडे पडले होते. ‘‘तुम्हाला कसं माहीत?’’

‘‘कसं म्हंजे?’’ त्यांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. ‘‘मला बी व्हायलंय की. बैल गेल्यापासून.’’

बैल गेले होते, हे मला माहीत होतं. म्हणजे डोळ्यांनी बघितलेलं होतं. शहराच्या कडेच्या शेतांचे प्लॉट पडले, गाड्या गेल्या, ट्रॅक्टर आले, आणि जे दोर घ्यायचे ते रंगीत नायलॉनचे घ्यायला लागले. दुकानासमोर आता ऑटो उभे राहायचे. पण आप्पा रोज सकाळी मला सोडून दुकान उघडत होते, रोज संध्याकाळी बंद करत होते, आणि मधल्या वेळात ते तिथं गादीवर बसून काय करतात हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. मी तर नाहीच. मी माझ्या प्रोस्टेटमध्ये अडकले होते.

‘‘आईला सांगितलं?’’ मी विचारलं.

‘‘तिला सांगितलं असतं तर आतापत्तोर तुला ऐकू आलं नसतं का?’’

तेवढ्यात आम्ही पुढं पोचलो. कोपरापर्यंत पिवळे हात झालेला एक म्हातारा, दमलेला, डोळे लाल. त्यानं पिशवी घेतली, मासा काढला, त्याच्या तोंडात औषध कोंबलं आणि न बघताच विचारलं, ‘‘पेशंट कौन?’’

मी तोंड उघडलं. बोलायला की मासा घ्यायला, ते मला आजही सांगता येणार नाही.

‘‘मैं,’’ आप्पा म्हणाले.

म्हाताऱ्यानं एकदा त्यांच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. ‘‘और ये बच्ची?’’

‘‘साथ में आई,’’ आप्पा म्हणाले आणि त्यांनी आपलं भलंथोरलं तोंड उघडलं. त्या तोंडात मासाच काय, एखादी नाव मावली असती. एका घोटात गेला. डोळ्यांतून पाणी आलं, मिशा थरथरल्या, त्यांनी माझा खांदा इतका घट्ट धरला की चार दिवस वळ होता. बाहेर येऊन एका झाडाखाली बसलो. मी विचारलं, ‘‘कसं वाटलं?’’ तर मिशा पुसत म्हणाले, ‘‘शेपूट लई हलवलं बग त्यानं. जायचं नव्हतं त्याला.’’ मग आम्ही दोघंही हसलो, आणि हसता हसता माझा श्वास कधी शेवटपर्यंत गेला ते मला कळलं नाही. कळल्यावर पुन्हा अडकला, ते सोडा.

घरी आई दारातच उभी. तिच्या मागं खाला.

‘‘गिळला का?’’

‘‘गिळला,’’ आप्पा म्हणाले. खोटं काय होतं त्यात?

आईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला, हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. ‘‘बघा हो खाला, चेहऱ्यावर फरक पडायलाय.’’ त्या औषधाला पुढं दीड महिना कडक पथ्य. ते मी पाळलं. रोज माझ्या ताटात पथ्याचं बेचव खाणं पडायचं आणि समोर मासा गिळलेला माणूस वांगं, चिंच, लोणचं सगळं ओरपत बसायचा आणि आईची पाठ वळली की माझ्या ताटात अंबाडीचा एक घास सरकवायचा. बोलायचं काही नाही. ही आमची त्या घरातली पहिली गुपित गोष्ट; त्याआधी आमच्या घरात गुपित टिकलेलंच नव्हतं.

माशासाठी घेतलेली सुट्टी संपवून मी ऑफिसला गेले. वाटेत ओळखीचा माणूस दिसला, त्यानं हातही केला, आप्पांनी बंडी थांबवली नाही. ऑफिसात पहिल्याच फायलीत छातीचा पेशंट निघाला. दुपार झाली, आणि श्वास जिथं अडकायचा तिथं अडकला. जरासुद्धा फरक नाही. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला. सुपरवायझरनं मान वर केली. मी त्याच्याकडे न बघता जिना उतरून खाली आले. साड्यांच्या शोरूमच्या दाराशी भिंतीला तो रुपया टाकायचा लाल फोन लावलेला होता. बोटं गार पडली होती, दुकानाचा नंबर दोनदा चुकला. तिसऱ्यांदा घंटी पुरती वाजायच्या आत आप्पांनी उचलला, जणू हात फोनवरच ठेवून बसले होते.

‘‘आप्पा,’’ मी म्हटलं, ‘‘अडकलाय.’’

‘‘माझा बी,’’ आप्पा म्हणाले.

मी फोन कानाशी घट्ट धरला. हिमायतनगरच्या रस्त्यावर बसचे हॉर्न वाजत होते. त्यांच्या बाजूनं काचीगुड्याच्या चौरस्त्याचे ऑटो ऐकू येत होते. मधे त्यांचा श्वास, जाड, थांबत थांबत. मी तो ऐकत उभी राहिले. वेळ संपत आल्याची पीं पीं व्हायला लागली.

‘‘रुपया हाय का आणखी?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘आहे.’’

‘‘टाक मग.’’